या चुलीवर किती जण जेवतात

मंगळवार, ११ फेब्रुवारी. पहाटे धुके, नऊनंतर ऊन. कोबीच्या वाफ्यांत राख टाकली. महिला मंडळाची बैठक पुढच्या आठवड्यावर गेली. अकराच्या सुमारास किरागू सरकारी टॅब घेऊन आला, नव्या विम्याची माहिती भरायला. माझी भरून झाल्यावर वाम्बुराकडे गेला.

वाम्बुरा माझ्या कुंपणापलीकडे राहते. आमच्या टेकडीवर चहाची पाने जमा करायचे केंद्र आहे, त्याच्या फाटकाशी तिचे आंबिलीचे दुकान. दुकान म्हणजे चार खांब, वर पत्रा, एक निळे पिंप आणि एनॅमलचे मग. पाने खुडणाऱ्या बाया टोपल्या वजनाला लावून तिथे येतात आणि कारकुनाने किलोभर मारले की त्याचा राग वाम्बुरावर काढतात. ती ऐकून घेणाऱ्यातली नाही. आंबील पातळ झाली म्हणून एक बाई फार वेळ कुरकुरत होती, तिला म्हणाली, "तुझं तोंड बंद होईल एवढी नाचणी अख्ख्या जिल्ह्यात पिकत नाही, मी कुठून आणू?" बाई हसली आणि दुसरा मग मागितला. दुकान असे तोंडावरच चालते.

तिचा नवरा गिताही दगडाच्या खाणीत होता. दरड अंगावर आली. इस्पितळात दोन दिवस काढून तो गेला, आणि बिल फिटेपर्यंत इस्पितळाने प्रेत सोडले नाही. शवागाराचे भाडे त्याच बिलात रोज मिळवले जात होते. शेवटी बायकांची भिशी, चर्च आणि तिचा भाऊ अशा सगळ्यांनी मिळून त्याला सोडवून आणले. कैद्याला आणतात तसे, असे तीच म्हणायची. पुढच्या महिन्यापासून ती सरकारी आरोग्य विम्याचा हप्ता भरू लागली. पावसाने दुकान बंद राहिले, पिंप फुटले, मुलीचे लग्न मोडले, तरी हप्ता गेला. कुणी हसले तर म्हणे, "मी मेले की मला कुणी भाड्याने ठेवायचं नाही. सरळ घरी आणायचं."

घरात तिची नातवंडे. मोठी मुलगी वारली, तिची मुरागे, न्यागुथी आणि वाशुका. धाकटी मोंबासाला कामाला गेली, तिचा इरुंगू. तिच्याकडून वर्षातून दोनदा फोन येतो, पैसे येत नाहीत.

आमच्यात मुले मोजत नाहीत. गाई-शेळ्याही मोजत नाहीत. गुराखी तोंडे पाहून सांगतो की अमकी मागे राहिली. कुणी विचारलेच तर देवाने दिली तेवढी, असे म्हणायचे. मोजले की त्यातले एक कमी होते, असे आमच्या आया मानत. शाळेत सिस्टरांनी हे आमच्या डोक्यातून काढायचा पुष्कळ प्रयत्न केला. त्या आमची डोकी बोटाने मोजू लागल्या की आम्ही मुली खाली वाकायचो. वाम्बुरा शाळेत थोडीच वर्षे गेली, पण हिशेबाला पक्की. गिऱ्हाईक नोट काढते न काढते तोच मोड तिच्या हातात तयार असते. मुलांना वाढताना मात्र ती तोंडे बघते.

गेल्या साली जुना विमा बंद झाला. जुने कार्ड चालणार नाही, सर्वांनी नव्याने नाव घालावे, असे रेडिओवर सकाळ-संध्याकाळ सांगत होते. पगार असलेल्यांचे पगारातून कापले जाणार. ज्यांना पगार नाही त्यांनी घराची माहिती द्यायची, त्यावरून यंत्र वर्गणी ठरवणार, आणि ती वर्षाची एकदम भरायची. महिन्याचा हप्ता गेला. आंबीलवालीला वर्षाचे पैसे एकदम कोण देतो, असे वाम्बुराने रेडिओलाच विचारले आणि तो बंद केला.

किरागू आमच्याच टेकडीवरचा. चर्चच्या गायनात सर्वांत खालचा सूर त्याचा. आरोग्यसेवक म्हणून घरोघर हिंडतो. सरकार त्याला मानधन देते, देते तेव्हा. त्या दिवशी मी घेवड्याच्या शेंगा सोलत कुंपणाशीच बसले होते, त्यामुळे सगळे ऐकू येत होते. छप्पर कशाचे? पत्र्याचे. भिंती? फळ्यांच्या, पुढची सिमेंटची. पाणी? टाकी आहे. वाम्बुरा प्रत्येक उत्तर ताठ मानेने देत होती. पाहुण्यापुढे कुणी घराची रड सांगत नाही. धंदा काय, असे त्याने विचारले तेव्हा ती म्हणाली, "आंबील कुणाची पितोयस?"

मग तो प्रश्न आला. या चुलीवर किती जण जेवतात?

"भूक लागेल ते."

"आई, तसं नाही चालत. आकडा लागतो."

"किरागू, तुझ्या आईने तुला कधी मोजलं होतं?"

किरागू हसला. नाही म्हणाला.

"मग माझ्या अंगणात बसून, माझी आंबील पिऊन, माझी मुलं मोजू नकोस."

त्याने माफी मागितली, टॅबवर बोट फिरवले, तिचा अंगठा घेतला आणि उठला. दोरीवर मुलांचे शर्ट वाळत होते. जाताना तो त्यांच्याकडे न बघता, मान खाली घालून गेला. त्यात मला काही वावगे वाटले नाही, उलट चांगल्या वळणाचा मुलगा असे वाटले.

आठवड्याने तिच्या फोनवर वर्गणीचा निरोप आला. ती फोन घेऊन कुंपणाशी आली आणि मला पुन्हा पुन्हा वाचायला लावू लागली. केंद्रावरच्या कारकुनाच्या पगारातून वर्षभरात जेवढे कापले जाते त्याहून तिचा आकडा मोठा होता. दुसऱ्या दिवशी ती दुकानावर बायांना सांगत होती, "मी आता मोठी बाई झालेय. सरकारने कळवलंय. मला बघितलं की उठून उभ्या राहत जा." बायाही खट्याळ, उठून उभ्या राहिल्या. तक्रार करायची तर कुठे, हे किरागूलाही ठाऊक नव्हते. यंत्र काढते तो आकडा, एवढेच तो सांगे.

मार्चमध्ये भिशी तिची होती. तिने गाय घ्यायचे ठरवले होते, गोठ्याला खांबही आणून ठेवले होते. ती भिशी तिने विम्यात घातली. खांब अजून तिथेच पडून आहेत, त्यांवर कोंबड्या बसतात.

तिने एवढे ओढून भरले ते न्यागुथीसाठी. न्यागुथी म्हणजे चालणारी, आणि पोरीला शाळेची चढण चढवत नव्हती. दोनदा बसावे लागे. ओठ जांभळट दिसत. लहानपणी घसा दुखून ताप येई, त्याकडे कुणी फारसे बघितले नव्हते. मे महिन्यात जिल्ह्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की हृदयाची झडप खराब आहे, ती बदलावी लागेल. ऑगस्टमध्ये नैरोबीत परदेशी शल्यवैद्यांचे शिबिर होते, त्याच्या यादीत त्यांनी तिचे नाव घातले. खर्च एवढा की त्यात आमच्याकडे घर उभे राहावे. पण तो विमा देणार. फक्त विमा कार्यालयाची मंजुरी घेऊन या, असे म्हणाले. वाम्बुरा घरी परतताना बसमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की आपण वर्षाचे एकदम भरले आहेत, बाकीच्यांसारखे नाही.

जुलैच्या सुरुवातीला आम्ही विमा कार्यालयात गेलो. तिला इंग्रजी कागदांची धास्ती वाटते म्हणून मी बरोबर; मी शाळेत शिकवायचे, ती मला अजून म्वालिमू, म्हणजे मास्तरीण, म्हणते. खिडकीमागच्या मुलीने क्रमांक घातला आणि म्हणाली, "या कार्डावर एकच माणूस आहे. तुम्ही."

"नीट बघ," वाम्बुरा म्हणाली. "झोप झाली नसेल तुझी."

मुलीने पडदा आमच्याकडे वळवला. घरातील माणसे: एक.

संध्याकाळी किरागूला बोलावले. तो अंगणात आला नाही, फाटकाबाहेर उभा राहिला. त्याने सांगितले की तो रकाना रिकामा ठेवला तर टॅब पुढे जात नव्हता. मुले त्याला ठाऊक होती, नावानिशी ठाऊक होती. पण आईने नको म्हटल्यावर तिच्या मागे तिची मुले मोजणे त्याला जमले नाही. म्हणून समोर बसलेले एक माणूस लिहिले. नंतर कधी तरी दुरुस्त करू, असे मनात होते.

"मी कसं मोजणार होतो, आई? तुम्हीच नको म्हणालात."

वाम्बुरा माझ्याकडे वळून, त्याला ऐकू जाईल असे म्हणाली, "पोरगा चांगल्या घरातला आहे, म्वालिमू. वाईट वळणाचा असता तर पोरीचं काम झालं असतं."

मग कागद सुरू झाले. मुलांचे जन्मदाखले, मुलीचा मृत्यूचा दाखला, चीफचे, म्हणजे सरकारी गावप्रमुखाचे, पत्र. ते नेले तर त्याच महिन्यात नवे परिपत्रक आले होते: आजी म्हणजे पालक नव्हे, न्यायालयाचा कागद हवा. न्यायालयात गेलो. न्यायाधीश रजेवर. पुन्हा गेलो. दुकान बंद राहू लागले आणि केंद्रावरच्या बाया सोडा पिऊ लागल्या. कागद मिळाला तेव्हा जुलै संपत आला होता. त्या दिवशी न्यागुथीही बरोबर होती, कारण मुलांच्या बोटांचे ठसे घ्यायला सांगितले होते. बाकीच्यांचे आदल्या दिवशी शाळेत झाले होते.

खिडकीमागे तीच मुलगी होती. कागद पाहून तिचे समाधान झाले. मग तिने किरागूचाच प्रश्न विचारला, तुम्ही धरून चुलीवर किती जण जेवतात.

वाम्बुराने नावे सांगितली. आधी स्वतःचे, मग मुरागे, न्यागुथी, वाशुका, इरुंगू.

"नावं आली, शोशो. आकडा सांगा."

आमच्याकडे आजीला शोशो म्हणतात. मुलगी आमच्याच भागातली होती.

"नावं समोर आहेत ना? तूच बघ की."

"मी भरला तर माझी नोकरी जाईल. नवा नियम आहे. घरच्या मुख्य माणसाने तोंडाने सांगायचं, मी ऐकलं म्हणून सही करायची." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मलाही घरी शोशो आहे. मला कळतंय. यंत्राला कसं कळवू?"

मागे रांग वाढली होती. एक माणूस म्हणाला, "आजीबाई, आकडा मागतायत, किडनी नाही." लोक हसले. वाम्बुराला एरवी अशा माणसाला उत्तर द्यायला श्वास घ्यावा लागत नाही. या वेळी ती माझ्याकडे वळली. माझा दंड धरून म्हणाली, "हिला बाहेर घेऊन जा."

मी न्यागुथीला व्हरांड्यात नेले. दाराला काच होती. वाम्बुराने आधी आमच्याकडे बघितले, आम्ही पुरेशा लांब आहोत ना ते, मग तोंड भिंतीकडे वळवले आणि तिचे ओठ हलले. मुलीने मान डोलावली आणि कळा दाबल्या. न्यागुथीने विचारले की शोशो आत काय सांगतेय. मी म्हटले, नावे.

मंजुरीच्या जागी एक छापील चिठ्ठी मिळाली. बसमध्ये ती मी वाचली आणि मग वाम्बुराला वाचून दाखवावी लागली. नव्याने घातलेल्या माणसांचा विमा साठ दिवसांनी लागू होईल. हाही त्या वर्षीचाच नियम. शिबिर दोन आठवड्यांवर होते.

मी नैरोबीच्या इस्पितळाला फोन केला. तिथल्या बाईचा आवाज गोड होता. म्हणाली, रोख भरा नाहीतर पुढचे शिबिर जानेवारीत. चर्चमध्ये वर्गणी झाली, भिशीने दिले, केंद्रावरच्या बायांनी पानांच्या पैशांतून दिले, आंबील पातळ म्हणणाऱ्या त्या तोंडाळ बाईनेही दिले. चौथाईसुद्धा जमले नाही. ते पैसे जानेवारीसाठी पाद्रींकडे ठेवले. तोपर्यंत विमाही लागू होईल, मग काळजी नाही, असे सगळे एकमेकांना सांगत होते. वाम्बुरा म्हणाली की पोरीला आता चढण चढू द्यायची नाही, मुरागेने तिला पाठीवर न्यायचे. तो न्यायचा. त्याला मुले चिडवायची, तो दगड मारायचा.

गुरुवार, १८ सप्टेंबर. न्यागुथी सकाळी गेली. गणवेश घातला होता, मुरागे तिला उचलायला खाली बसला होता. मोटारसायकल मिळाली, पण दवाखान्यापर्यंत काही उरले नव्हते.

दफनाच्या दिवशी घेवडा आणि मका शिजवायला बाया मागच्या अंगणात जमल्या होत्या. तिथे कुजबुज ऐकली. कार्यालयात मोजली म्हणे. मोठ्याने सांगितला म्हणे आकडा, लोकांत उभी राहून. खिडकीतली मुलगी कुणाच्या तरी नात्यातली निघाली होती. मी दोघींना गप्प केले, पण त्या गप्प बसल्या एवढेच, त्यांचे मत बदलले नाही. आणि खरे सांगायचे तर सिस्टरांनी शिकवलेले सगळे मला पाठ असूनही, त्या दिवशी खड्ड्याकाठी उभ्या असलेल्या माणसांवरून मी नजर फिरवली ती मोजायला नाही.

कुजबुज वाम्बुरापर्यंत गेलीच. लोक पांगल्यावर ती ताटल्या घासत होती, मी पुसत होते. ती वर न बघता म्हणाली, "मी एकदाच पाच म्हटलं, म्वालिमू. साठ त्यांनी मोजले."

मी ताटली पुसत राहिले.

दुकान दोन आठवड्यांनी उघडले. आंबील पूर्वीसारखीच, पण थट्टा संपली. त्या तोंडाळ बाईने मुद्दाम खोड काढून पाहिली, आंबील करपली म्हणाली. वाम्बुराने तिचा मग परत घेतला, ओतून टाकला आणि दुसरा भरून दिला. बाईला रडू आले.

ऑक्टोबरात तिच्या फोनवर पुन्हा निरोप आला. घरात माणसे जास्त असल्याची नोंद झाल्यामुळे पुढील वर्षाची वर्गणी कमी करण्यात आली आहे. खाली आणखी एक ओळ होती: घरात बदल झाला असल्यास महिन्याच्या आत कळवावे, अन्यथा दंड. ती मला दाखवायला आली, नुसता फोन पुढे केला. मी वाचून परत दिला.

पुढच्या मंगळवारी किरागू आला. फेब्रुवारीपासून तो बारीक झाला आहे. गायनाला येतो, पण खालचा सूर आता ऐकू येत नाही. टॅब पिशवीतच ठेवून तो वाम्बुराच्या फाटकाशी उभा राहिला आणि मीही बोलावल्याशिवायच तिथे गेले. तो म्हणाला की ही नोंद दुसऱ्या कुणाला पाठवून करता आली असती, पण ते बरे दिसले नसते. आणि आधीच सांगतो, माणूस कमी झाले की वर्गणी पुन्हा वाढते.

"मी नाही ठरवत, आई."

"माहीत आहे. आत ये."

त्याला बसायला तिने स्टूल दिले. मी म्हटले, राहू दे किरागू, पुढच्या महिन्यात बघू. दंड कितीसा असेल. पोरीचे नाव आणखी थोडे दिवस राहिले तर कुणाचे काय जाते? वाम्बुराने हात हलवून मला थांबवले. त्याने टॅब काढला. छपराचा प्रश्न, भिंतींचा, पाण्याचा. ती उत्तरे देत गेली, पत्रा, फळ्या, टाकी, जणू दुसऱ्याच कुणाचे घर. इरुंगू तिच्या गुडघ्याला टेकून उभा होता, वाशुका दारात गृहपाठ करत होती, मुरागे विहिरीवर गेला होता.

किरागूचे बोट थांबले. पुढचा प्रश्न कुठला ते आम्हा तिघांनाही ठाऊक होते. तो वाचायला तोंड उघडणार, तेवढ्यात वाम्बुरा म्हणाली, "चार."

इरुंगूसमोर म्हणाली. आवाज खाली न करता.

किरागूने लिहिले. तिने ॲप्रनला हात पुसून अंगठा पुढे केला. यंत्राला पहिल्यांदा ठसा पटला नाही, नाचणी लागलेली होती. तिने पुन्हा पुसला, पुन्हा टेकवला. मग कधी भरायचे ते विचारले, त्याने तारीख सांगितली, आणि ती चुलीकडे गेली.

मी घरी आले. संध्याकाळी डायरीत लिहिले: टाकीचा नळ गळतो आहे, खाली बादली ठेवली.